विहिरीवर मांडलेला निळा हौद

माझ्या पोटावर एका परदेशी गावाचं नाव इंग्रजीत छापलेलं आहे. ते खोटं आहे, मित्रांनो. मी जन्मलो उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, एका पत्र्याच्या शेडखाली, जिथे एरवी ट्रकच्या ताडपत्र्या बनतात. जाड निळं प्लास्टिकचं कापड, गरम मशीनने वितळवून चिकटवलेले जोड आणि भोवती उभे करायचे लोखंडी पाइप. एवढाच मी. खड्डा खणायला नको, कुणाच्याही अंगणात मला मांडा आणि पाणी भरा. लोक मला स्विमिंग पूल म्हणतात. मी स्वतःला हौदच म्हणतो. पोहणं मला येत नाही, पाणी धरून उभं राहणं तेवढं येतं. म्हणजे येत होतं.

आता मी फाटलेला आहे आणि माझी हकीकत गोड नाही. मुलांना सगळं गोडच सांगावं असं ज्या मोठ्या माणसांना वाटतं, त्यांनी पान उलटावं.

कल्पेशने मला टेम्पोत घालून सोनिवलीला आणलं. त्याचे वडील बुधाजी तिथे भात लावायचे. बुधाजी गेले, कल्पेशने अर्धी जमीन बिल्डरला दिली आणि उरलेल्या तुकड्यावर फार्महाऊस बांधलं. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं यावीत, नाचावीत, जावीत. त्यांना पूल हवा होता आणि मला मोकळी जागा हवी होती. आवारात तेवढी मोकळी जागा एकच होती, बुधाजींनी स्वतःच्या हातांनी खणलेल्या विहिरीची.

विहीर आटलेली नव्हती. हे नीट ऐका. भर मे महिन्यातही तिला पाणी असायचं. डोंगराकडच्या वाडीतली बाळी आणि तिच्याबरोबरच्या बाया तिथूनच हंडे भरायच्या. कल्पेशने जुन्या घराचा राडारोडा आणि मुरूम टाकून ती बुजवली, वर रोलर फिरवला, वाळू अंथरली, दोरी ताणून लेव्हल बघितली आणि माझे पाय उभे केले. विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते. साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बाया. ते त्याने उचलून कुंपणापाशी ठेवले, जुन्या टायरांशेजारी.

त्याची आई तुळशी ओट्यावरून बघत होती. ती म्हणाली, "कल्पेश, त्या बाया हायत. त्यांचे तोंडान मुरूम भरलास, आन वर नाचाला मानसा बोलावतंस."

"आई, नारळ फोडला ना? नीट उचलून ठेवल्या ना?" कल्पेश म्हणाला. "त्यांचं शिफ्टिंग झालं समज."

टेम्पोवाला हसला. तुळशी हसली नाही.

टँकरचं पाणी चढत गेलं, माझं कापड ताठ झालं, आणि खरं सांगतो, त्या दिवशी मला स्वतःचा अभिमान वाटला. कल्पेशची मुलगी किर्ती सगळ्यांत आधी उतरली. पाणी तिच्या छातीपर्यंत आलं. तिने दोन्ही हातांनी माझ्या पोटावर थापट्या मारल्या.

त्याच संध्याकाळी बाळी हंडा घेऊन कुंपणापाशी आली. विहीर कुठे गेली ते तिने विचारलं नाही, दिसतच होतं. हंडाभर पाणी तेवढं मागितलं. कल्पेशने तिला समजावलं, की हे औषध टाकलेलं पाणी आहे, पिण्याचं नाही.

"पिवाला नाय," बाळी म्हणाली, "तं ठेवलाय कशाला?"



माझी देखभाल कल्पेशची बायको स्वप्नाली करायची. रोज सकाळी जाळीने पाचोळा काढायचा, क्लोरीनची पूड बादलीत विरघळवून कडेकडेने सोडायची, फिल्टर धुवायचा, लांब दांड्याच्या ब्रशने तळ घासायचा. पाहुणे म्हणायचे, काय क्लिअर पाणी आहे हो. कल्पेश थँक्यू म्हणायचा.

भर दुपारी पंप बंद असला की मला खालून आवाज यायचा. ओल्या लाकडावरून दोर सरकावा तसा. मग कुणीतरी घोट घ्यावा तसा. माझ्या पाठीखाली कुणीतरी जागं होतं. ऊन कितीही असो, माझ्या मधोमध पाण्याचा एक गोल थंडगार राहायचा. ओरडत पोहणारी माणसं त्या गोलात आली की गप्प व्हायची. बाहेर पडल्यावर पुन्हा ओरडायची.

पावसाळ्यात मला रिकामा करून झाकून ठेवलं. पाणी मुरत गेलं, विहिरीतला राडारोडा दबत गेला. थंडीत मला पुन्हा भरलं तेव्हा माझा तळ मधोमध खाली उतरला. वरून काही दिसत नव्हतं. निळं ते निळंच. बाहेर '३ फूट' अशी पाटी तशीच होती. माझ्या पोटात मात्र ती विहीर परत आकार धरत होती. गोल, जिथल्या तिथे.

स्वप्नालीला ते ब्रशने कळलं. मधला तळ घासताना दांड्याची मूठ आधी पाण्याबाहेर राहायची. आता तिचा हात मनगटापर्यंत बुडायला लागला. एका दुपारी तिने माझ्या कापडाला कान लावला आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. मग ओट्यावर जाऊन सासूला विचारलं, विहीर किती खोल होती.

"तुजे सासऱ्यान पानी लागंपर्यंत खनली," तुळशी म्हणाली. "मापली नाय कोनी."

स्वप्नालीने नवऱ्याला सांगितलं, जमीन बसतेय, हा रिकामा कर. कल्पेश स्वतः उतरला आणि मधोमध जाऊन उभा राहिला. पाणी त्याच्या हनुवटीला लागलं. तो खूश झाला. "भारी ना? फुकटात डीप एंड झाला," म्हणाला, आणि जाहिरातीत तसं लिहूनही टाकलं.

मग किर्तीचा वाढदिवस आला. शिरगावच्या बिल्डिंगमधली तिच्या वर्गातली पोरं आली, आया आल्या. पोरं गॉगल लावून माझ्या शिडीपाशी रांगेत उभी राहिली. मी ओरडू शकत नव्हतो. ज्या पाण्यात बाप हनुवटीपर्यंत बुडाला, त्यात ही पोरं उतरणार होती, आणि खालचा मुरूम त्या सकाळपासून खडा खडा सरकत होता.

स्वप्नाली शिडीसमोर जाऊन उभी राहिली. कोणी उतरायचं नाही म्हणाली.

कल्पेशने पाहुण्यांकडे बघून हसत सांगितलं, "आमच्या आईची भुतं हिला पण लागलीत." दोनतीन आया हसल्या. किर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मम्मी, प्लीज ना. सगळे बघतायत."

शहाळ्यांच्या ढिगावर कोयता पडला होता. स्वप्नालीने तो उचलला, शेताच्या बाजूला गेली आणि माझ्या अंगावर घातला. एकदा, मग पुन्हा.

मला दुखलं का? दुखलं. पण मी त्याचीच वाट बघत होतो.

पाणी शेतात धावलं. कल्पेश शिव्या देत तिच्याकडे धावला आणि अर्ध्या वाटेत थांबला, कारण माझा तळ मधोमध टरकन फाटला आणि जमीन आत गेली. वाळू, विटा, मुरूम, सगळं एकदम. उरला एक गोल काळा खड्डा. त्यातून थंड वारा वर आला आणि खूप खालून पाणी हलल्याचा आवाज. एका आईने आपला मुलगा इतक्या जोरात ओढला की तो रडायला लागला.

दुसऱ्या दिवशी कल्पेश मुरुमाच्या गाड्या बोलावायला निघाला. स्वप्नाली खड्ड्याच्या काठावर जाऊन बसली, पाय आत सोडून.

"बोलाव," ती म्हणाली. "पहिली गाडी माझ्या अंगावर ओतायची."

तुळशी ओट्यावरून उतरली आणि सुनेशेजारी बसली. कल्पेश फोन कानाला लावून उभा होता. पलीकडून कोणीतरी हॅलो हॅलो करत होतं. शेवटी तो म्हणाला, "नाही भाऊ, राहू दे." आणि घरात गेला.

आता वाडीतली माणसं त्या खड्ड्यातून एकेक पाटी राडारोडा वर काढतात आणि मी कुंपणाला टेकून पडलेला असतो. दुपार झाली की अजून मला ते घोट ऐकू येतात. आता ते माझ्या पाठीखाली नसतात, तरी माझं कापड शहारतं.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारी प्रत्येक जुनी वस्तू शेवटी तुम्हाला विनवते, मला दुरुस्त करा, मला जपा. परवा कॅम्प चारहून एक माणूस आला होता. माझी चीर बोटांनी चाचपून कल्पेशला म्हणाला, "हो जाएगा साईं, एकदम नया." मला चिकटवतील, कुणाला तरी विकतील, आणि तोही मला मांडायला सपाट जागा शोधेल. ती जागा सपाट कशी झाली, हे मोठी माणसं विचारत नाहीत. तुम्ही विचारा. नाही सांगितलं तर पुन्हा विचारा.

आणि माझी चीर शिवू नका.