दोन पॉइंट नऊ

"ऐंशी होईस्तोर एकबी फळी काढाची नाई, हेमराजभाऊ! ठरलं थे ठरलं."

गुणाबाई पदर खोचून आपल्या दारात उभी होती. पावसाची झड तिच्या तोंडावर येत होती, पण ती काही मागं सरकत नव्हती. समोर हेमराज छत्री सावरत. तलावाच्या समितीचा तो अध्यक्ष, आणि नुकताच पारीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, पाणी पाहून आलेला.

"दोन पॉइंट पंच्याहत्तर झालं, बाई. पाचच उरले."

"उरले न? मंग?"

"मंग काय मंग? हा पाऊस पाह्य न वरून. तुह्या बांधीसाठी थांबते का हा?"

"थो नाई थांबत. तू थांब."

भांडण तसं दरसालचं. आमच्या तलावाच्या पारीला एका टोकाला सलंग आहे, म्हणजे जास्तीचं पाणी सोडायची दगडी खाच. तिच्यात सागवानाच्या तीन फळ्या एकावर एक बसवलेल्या. फळी काढली की पाणी निघतं ते सरळ गुणाबाईच्या बांधीतून, तिच्या धानाच्या खाचरातून, नाल्याला लागतं. शेत तिचं, वाट तलावाची. म्हणून गावाची रीत अशी, की पहिली फळी काढायची, पाणी नाल्याला लागू द्यायचं, आणि मगच दुसरीला हात लावायचा. तसं केलं तर धानाची रोपं वाकतात आणि पुन्हा उठतात. एकदम सोडलं तर मुळासकट जातात. त्यात यंदा रोवणा उशिरा झालेला. रोपांनी अजून माती धरलेली नव्हती.

पूर्वी हे सगळं पायऱ्यांवर चालायचं. गुणाबाईचा नवरा रामाजी तलावाचं पाणी पाहायचा. अमुक पायरी बुडाली की पहिली फळी, तमुक पायरी बुडाली की दुसरी. उन्हाळ्यात पारीची दुरुस्ती झाली, पायऱ्या नव्या दगडाखाली गेल्या, आणि पाण्यात एक लोखंडी पट्टी उभी राहिली. पांढऱ्यावर काळे आकडे, मधे बारीक रेघा. काम पाहणारा साहेब सांगून गेला, "दोन पॉइंट ऐंशीला पहिली फळी. तीन मीटरच्या वर पाणी गेलं तर पारीची हमी नाही." झालं. गावानं मान हलवली. फुटात विहीर खणणारं, हातानं कापड मोजणारं आणि पायलीनं धान देणारं आमचं गाव त्या दिवसापासून मीटरचं झालं. हेमराज रेघा मोजून एकाहत्तर, पंच्याहत्तर असं सांगायचा; पाणी नेमकं आकड्याला लागायची वेळ अजून आली नव्हती.

रामाजी मात्र यंदा खाटेवर होता. रोवण्याच्या चिखलानं पायाची बोटं कुजली, वर ताप चढला. आतून तो ओरडला, "काय म्हणते गा हेमराज?"

"काई नाई म्हणत," गुणाबाई बोलली. "तुमी झोपा."

त्या दिवशी सप्ताहाचा काला होता. पारीच्या पायथ्याशी मारुतीचं देऊळ, देवळापुढं मांडव. सावली गावाकडचे गुणवंतराव बुवा कीर्तनाला उभे. बुवांचा आवाज असा, की पत्र्यावर पाऊस आदळत असतानाही शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द न् शब्द कळावा. नुसतं "विठ्ठल" म्हणून ते थांबले तरी माणसाचं पोट भरायचं. पण त्या दिवशी मांडवात कोणाचं मन लागत नव्हतं. टाळ वाजत होते आणि नजरा वर पारीकडे जात होत्या. पावसाला उतार नव्हता. मातीचा वास जाऊन आता नुसता पाण्याचा वास येत होता.

दुपारी पट्टी पाहायची वेळ झाली आणि अडचण आली. हेमराजच्या गळ्यात वीणा होती. सप्ताहात वीणा मांडवाबाहेर न्यायची नाही, भुईला टेकवायची नाही, आणि दुसऱ्यानं गळ्यात घेतल्याशिवाय सोडायची नाही. ज्याची पाळी होती तो सुनिल लाकडं आणायला गेलेला. हेमराजनं मांडवाच्या कडेला उभ्या गुणाबाईला खुणेनं बोलावलं.

"बाई, तूच पाहून ये. पाणी ज्या आकड्याले लागलं, थो सांग. बस."

"मले वाचता येते, भाऊ. चौथी शिकली मी."

ती गेली. पारीवर चिखल, वारा छातीवर येत होता. तलाव डोळ्यांत मावत नव्हता. पण असल्या पावसात कोणताही तलाव भरल्यासारखाच दिसतो, असं तिनं मनाला सांगितलं. पट्टीवर पाणी एका आकड्याला बरोबर लागलेलं. तो तिनं दोनदा वाचला आणि खाली आली.

"दोन पॉइंट नऊ."

हेमराजची बोटं वीणेच्या तारेवर थांबली. "नऊ? नक्की नऊ?"

"नऊ."

"अरे वा! दोन मीटर नऊ सेंटीमीटर! सकाळी पंच्याहत्तर होते. सहासष्ट सेंटीमीटर उतरलं न, बाई!" मग त्यानं शेजारच्या दिनेशच्या कानात सांगितलं, दिनेशनं पुढच्याला, आणि बातमी टाळाच्या ठेक्यावर मांडवभर गेली. लोकांचे खांदे सैल झाले. बुवांनीही रंगात येऊन नवा चरण धरला.

"पण पाणी मले लय दिसलं, भाऊ," गुणाबाई हळूच म्हणाली.

"तुह्या डोळ्याचं ऐकू का पट्टीचं?"

ती गप्प बसली. खरं सांगायचं तर तिला गप्प बसणं गोड वाटलं. बांधी वाचली होती. कधी नव्हे ते तलाव तिच्या बाजूनं बोलला होता.

पण जीव थाऱ्यावर येईना. ती घरी गेली, रामाजीला भात-वरण दिलं, आणि सहज सांगावं तसं सांगितलं. रामाजीचा घास हातातच राहिला.

"पाऊस चालू, अन् पाणी उतरलं?"

"पट्टी म्हणते."

"अवो, पाणी काय उडून गेलं? पारीले भोक पडलं! नवी माती, खेकड्यानं पोखरली असन!" तो खाटेवरून उठायला लागला आणि पाय टेकताच कळवळून बसला. "सांग त्यायले! जा! माणसं लाव बाहेरच्या अंगानं!"

ती धावत मांडवात आली. दहा मिनिटांत निम्मा मांडव रिकामा. कुदळी, घमेली, पोत्यात भरलेली माती घेऊन पोट्टे पारीच्या बाहेरच्या उतारावर भोक शोधायला लागले. कोणी काठीनं खुपसत होतं, कोणी कान लावून ऐकत होतं. त्यातल्या कोलूनं एक खेकडा पकडून वर धरला, "हा पाहा गुन्हेगार!" पण पाणी कुठंच येत नव्हतं. वर तलाव, आणि खाली निम्मं गाव उतारात डोळे खुपसून; पट्टीकडे जायचं कोणाला सुचलं नाही.

इकडे काल्याच्या प्रसादाचा शिरा चुलीवर चढायचा होता. रवा कमी पडला म्हणून गुणाबाई बाबूभाईच्या दुकानात गेली. बाबूभाईचं किराणा दुकान सप्ताहात दिवसभर उघडं असायचं. बुवांचा आवाज तिथपर्यंत यायचा, आणि रंगलेल्या अभंगाला त्याची मान डोलायची.

"तीन किलो दे, भाऊ. बिगीनं."

बाबूभाईनं पिशवी इलेक्ट्रिक काट्यावर ठेवली. लाल आकडे हलले आणि थांबले. २.९००.

"दोन पॉइंट नऊ," गुणाबाई आपसूक बोलली. आज तिच्या डोक्यात दुसरा आकडाच नव्हता.

"हौ. तीनले शंभर ग्राम कम." बाबूभाईनं वाटीत रवा घेतला.

"काऊन? नऊ ग्राम जास्त न दोन किलोच्या वर?"

"क्या बात करती बाई! नऊ ग्राम असते तर दोन, पॉइंट, शून्य शून्य नऊ आलं असतं. हे नऊशे ग्राम. किलोचे दहा हिस्से, त्यातले नऊ."

"अन् मीटरचे?"

"मीटरचेबी तसेच. दहा हिस्से केले का एकेक दहा सेंटीमीटरचा. नऊ हिस्से म्हणजे..."

"नव्वद."

बाबूभाईच्या हातातली वाटी तशीच राहिली. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. त्यानंही पारीकडे पाहिलं.

गुणाबाई दुकानाच्या पायरीवर आली. आता तिला सगळं ठाऊक होतं आणि गावाला काहीच नव्हतं. बांधी इथूनच दिसत होती. कोवळी, पाण्यावर नुसती हिरवी सावली धरावी तशी. तिनं एकदा पाहिलं, लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि पळत सुटली.

"हेमराजभाऊ! नऊ नाई, नव्वद! दोन मीटर नव्वद! पाणी उतरलं नाई, चढलं! पोट्ट्याईले पारीखालून काढा!"

मांडवात टाळ एकदम थांबले. हेमराज बोटं मुडपायला लागला. तो ओठांतल्या ओठांत मोजत राहिला, आणि मोजता मोजता त्याला उमगलं. तो वीणेसकट पारीकडे धावला. बुवांनी उपरणं कमरेला बांधलं. "देवानं आज कीर्तन वर मांडलं आहे, चला रे!" म्हणत तेही चिखलात उतरले. मागं सगळा मांडव, कित्येकांच्या हातात टाळ तसेच.

पट्टीवर नऊचा आकडा बुडाला होता. हेमराज वाकून वरच्या रेघा मोजू लागला. "सहा गेल्या. तीनले च्यारच उरल्या."

सलंगाच्या फळ्यांवरून पाणी उड्या मारायला लागलं होतं. हेमराजनं गुणाबाईकडे पाहिलं नाही. "पहिली काढतो, बाई. थोडं थांबून मंग दुसरी..."

"थांबाले जागा आहे का च्यार रेघात?"

"पण तुही बांधी..."

"बांधी मले दिसते. तिन्ही काढ."

फळ्या पाण्यानं फुगून खाचेत घट्ट बसलेल्या. दिनेश आणि कोलूनं पहारी लावल्या, तरी हलेनात. "हेमराजभाऊ, हात लाव!" हेमराज दोन्ही हात पसरून उभा. वीणा गळ्यात, भुई चिखलाची.

"दे इकडं," गुणाबाई म्हणाली.

तिनं वीणा गळ्यात घेतली आणि पदर काढून तिच्यावर धरला. आमच्या गावात बाईनं वीणा घेतल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पण बुवांनी डोळ्यांनीच हो म्हटलं. पहिली फळी सुटली. मग दुसरी. तिसरी आडवी फिरून पाण्याबरोबरच गेली, तिला कोलूनं नाल्यात उडी घेऊन धरलं.

पाणी तांबडं होऊन पडलं. बांधीच्या वरच्या कोपऱ्यातली रोपं एकदा थरथरली आणि दिसेनाशी झाली. मग मधली. वीणा घेतलेल्यानं तार मुकी ठेवायची नसते, म्हणून गुणाबाई एका बोटानं ती छेडत राहिली आणि पाहत राहिली. सगळ्यांच्या नजरा पट्टीवर होत्या. तिची एकटीची खाली होती.

अंधार पडायच्या आधी नऊचा आकडा पाण्याबाहेर आला. काला फुटला, शिरा वाटला गेला. बुवांनी दह्याचा पहिला घास गुणाबाईच्या हातावर ठेवला. 

सकाळी रामाजी काठी टेकत बांधीवर आला. खालचा तुकडा उभा होता, पण वरचा सगळा रेतीखाली. "गेलं," तो म्हणाला. "मीटर आलं अन् धान गेलं."

"मीटरनं नाई नेलं. आपल्याले वाचता नाई आलं."

"आपल्याले?"

"मले. हेमराजले. गावाले. आता चुकीचे वाटे करत बसू का?"

ती रेतीत घमेलं घालणार, तेवढ्यात बांधावरून आवाज आला. हेमराजची बायको पुनम, मागं सहा-सात बाया, सगळ्यांच्या डोक्यावर उरलेल्या पऱ्ह्यांच्या, धानाच्या रोपांच्या, पेंढ्या. आणि सगळ्यात मागं हेमराज, खांद्यावर फावडं.

"शिव्या दे, बाई," तो म्हणाला.

"मंग देईन. आधी रेती काढ."

दुपारी बाबूभाई काळ्या रंगाचा डबा आणि बारीक ब्रश घेऊन पारीवर गेला. पाणी उतरलेलंच होतं. तो पाण्यात उतरला आणि हात पुरला तिथपर्यंत पट्टीवरच्या प्रत्येक आकड्यापुढं एक शून्य काढत गेला. २.७०, २.८०, २.९०. शून्यं जरा वाकडी आली. अजूनही वाकडीच आहेत.

पोळ्याच्या आधी पुन्हा झड लागली. या वेळी पट्टीशी गुणाबाई होती, पाळी मागून घेतलेली. खालून हेमराज ओरडला, "कितीक, बाई?"

"दोन मीटर ऐंशी सेंटीमीटर! तीनले वीस कमी! समजलं का, का रवा मोजून दाखवू?"

"समजलं, माय, समजलं! काढू का पहिली?"

"तू सरक. मी काढते."

तिनं पहार लावली. एक फळी, फक्त एक. पाणी सावकाश निघालं, बांधीत शिरलं. रोपं सगळी एका अंगाला वाकली, जुनी आणि लोकांनी दिलेली नवी. गुणाबाई दुसऱ्या फळीवर पाय ठेवून उभी राहिली. नाल्याला पाणी लागल्याचा आवाज आला. मग वरच्या कोपऱ्यातलं एक रोप उठलं, त्याच्या मागं दुसरं, आणि तेव्हा कुठं तिनं दुसऱ्या फळीवरचा पाय काढला.