मुलीच्या वयात बारा मिळवा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. पण शाळेतला नव्हे, एका स्वयंपाकघरातला. एका सुतारानं कपाटाचं मोडकं दार तासलं, त्याला काळा रंग दिला आणि मला ओट्यासमोर ठोकलं.

हा खटाटोप त्याच्या बायकोसाठी होता. ती दवाखान्यात मदतनीस होती. तिला परिचारिका व्हायचं होतं आणि त्यासाठी दहावी पास होणं भाग होतं. शाळा सुटली तेव्हा तिची लेक जन्मलीही नव्हती. बाकीचे विषय ती रेटून नेई, पण गणिताचं पुस्तक ती मिटूनच ठेवायची.

तिला शिकवायला तीच लेक उभी राहायची. लेक दहावीतच होती. घरात तिला टिकली म्हणत, कारण जिथं चिकटेल तिथून ती हलायची नाही.

‘‘जे माहीत नाही त्याला क्ष म्हणायचं,’’ टिकली सांगायची.

‘‘मला काहीच माहीत नाही. सगळ्यालाच क्ष म्हणू का?’’

एकदा माझ्यावर क्ष वर्ग वजा पाच क्ष अधिक सहा बरोबर शून्य असं समीकरण होतं. ‘‘गुणाकार सहा आणि बेरीज उणे पाच येईल असे दोन आकडे शोध,’’ टिकली म्हणाली. आईनं बऱ्याच वेळानं लिहिलं, उणे दोन आणि उणे तीन. मग दोन कंस झाले, एकात क्ष वजा दोन, दुसऱ्यात क्ष वजा तीन. दोहोंपैकी एक कंस तरी शून्य हवा, म्हणून क्ष दोन किंवा तीन.

‘‘म्हणजे उत्तरं दोन? त्यातलं खरं कुठलं?’’

‘‘दोन्ही खरी.’’

‘‘मग हे तुझ्या बाबांच्या नि माझ्या भांडणासारखंच झालं की!’’

दोघी इतक्या हसल्या, की चुलीवरचं दूध उतू गेलं.

परीक्षा तोंडावर आली आणि टिकलीला ताप भरला. ताप डोक्यात गेला. आई ज्या दवाखान्यात काम करायची, तिथंच तिला ठेवलं होतं. आई घरी परतली ती एकटीच.

कितीतरी दिवस माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. माझ्यावर तेलकट धूळ बसली. एका दुपारी सुतारानंच मला पुसलं आणि बायकोच्या हातात खडू दिला. ‘‘जमेल तेवढं कर,’’ एवढंच तो म्हणाला.

तिनं पुस्तक उघडलं. पुढचं गणित वयाचं होतं. आईचं वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनी ते दुप्पट होईल. तर दोघींची आजची वयं काढा.

तिनं मुलीचं वय क्ष मानलं, आईचं तीन क्ष. बारा वर्षांनी आई, तीन क्ष अधिक बारा. मग मुलगी. तिनं क्ष लिहिला आणि तिचा हात तिथंच थांबला. खडू माझ्यावर टेकलेला होता.

‘‘अहो, नाही होत माझ्याच्यानं. तिच्या वयात कसे मिळवू?’’

सुतार उठला. गणितात तो ढच होता. त्यानं तिच्या हातातून खडू घेतला. ‘‘तू तुझ्या वयात मिळवलेस ना? तिच्या वयात मी मिळवतो.’’ आणि वेड्यावाकड्या अक्षरात त्यानं क्षपुढे लिहिलं, अधिक बारा.

मग ती रडत रडतच पुढे गेली. तीन क्ष अधिक बारा बरोबर दोन क्ष अधिक चोवीस. क्ष बरोबर बारा. मुलगी बारा वर्षांची, आई छत्तीस. ताळाही जमला, चोवीस आणि अठ्ठेचाळीस. तिनं उत्तराखाली रेघ ओढली आणि ती जमिनीवर बसली. सुतार तिच्याशेजारी बसून राहिला. रात्रीचा स्वयंपाक झाला नाही.

आई परीक्षेला बसली आणि पास झाली. शेजारणींनी दारात गर्दी केली, पाठ थोपटली. त्या गेल्यावर ती आत आली.

‘‘अहो, पास झाले मी,’’ ती म्हणाली. ‘‘पण आता सांगू कुणाला?’’

 

मित्रांनो, आता ती परिचर्या शिकायला जाते आणि भिंतीवरून उतरवलेला मी दाराआड उभा असतो. एकच मागणं आहे. तुमच्या घरी कुणी मोठं माणूस उशिरानं शिकायला बसलं, तर आज वेळ नाही म्हणू नका. लगेच त्याच्याजवळ जाऊन बसा.