अंगठ्याखालचा डाग

शाळेतली पोरं बाईंना पाठीमागे पंखेवाल्या बाई म्हणायची, आणि खरं सांगायचं तर नाव अगदी चपखल होतं. फळ्याच्या पार वरच्या कोपऱ्यापासून लिहायला सुरुवात करायची ही बाईंची जुनी सवय. हात उंचावून त्या झरझर लिहू लागल्या की दंडाखालची सैल कातडी इकडून तिकडे हेलकावे खायची. बाईंच्या वर्गात किती शांतता असते, म्हणून मुख्याध्यापकांना कौतुक. शांतता कसली, अख्खा वर्ग तोंड दाबून बसलेला असायचा.

हा सगळा प्रताप तब्येत सुधारल्याचा. रक्तातली साखर वाढली म्हणून डॉक्टरांनी दम भरला, बाईंनी जेवणाला लगाम घातला, शाळेत पायी जायला लागल्या आणि चांगल्या अर्ध्या झाल्या. पण बिऱ्हाड उठून गेलं तरी पडदे तसेच लोंबत राहावेत, तशी दंडाची कातडी मागे राहिली. मग एके दिवशी वर्गात शिरल्यावर फळ्यावर पंखा काढलेला दिसला. काढलाही छान होता, पात्याबित्यांसकट. बाईंनी तो पुसला, धडा शिकवला, घरी येऊन स्नानघरात रडून घेतलं आणि धाकटीला फोन केला.

धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण. वयात इतकं अंतर की आई कामावर गेली की बाईंनीच तिला कडेवर घेऊन सांभाळलेलं. धाकटीला अंगठा चोखायची खोड होती, पार शाळेत जाऊ लागली तरी. "अंगठा काढ," असं बाई उठता-बसता म्हणायच्या आणि धाकटी तो निमूट काढायची. एकदा बाई गणवेशाला इस्त्री करत असताना ही पोर धावत येऊन बिलगली आणि तापल्या इस्त्रीचं टोक तिच्या दंडाला, कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूला टेकलं. पानाच्या शेंड्यासारखा डाग राहिला तो राहिलाच. आईचा मार बाईंनी मुकाट्याने खाल्ला होता, पण तो डाग दिसला की अजूनही त्यांच्या काळजात चर्र व्हायचं.

आता धाकटी सौंदर्यशस्त्रक्रियेच्या एका दवाखान्यात होती. आलेल्या लोकांना सगळं समजावून सांगायचं, त्यांच्या शंका फेडायच्या, हे तिचं काम. बोलण्यात तिचा हात कोण धरणार!

"ताई, तू फक्त हो म्हण," दुसऱ्याच दिवशी घरी येऊन ती म्हणाली. "जादा कातडी काढायची आणि शिवून टाकायचं. बास."

"टाक्यांची खूण राहील ना गं?"

"आतल्या बाजूला बारीकशी रेघ. तीही विरते. हे बघ."

तिने पर्समधून एक चकचकीत कार्ड काढलं. डावीकडे कुणाचा तरी लोंबणारा दंड, उजवीकडे शस्त्रक्रियेनंतरचा, घट्ट आणि नितळ. धाकटीने ते स्वतःच्याच हातात धरलं होतं, चार बोटं मागे आणि अंगठा पुढे.

"हात वर जाईल ना? मला फळ्यावर लिहायचं असतं."

"अगं, उलट हलका होईल. मी असताना तुला कसली भीती?"

बाईंच्या नवऱ्याचंही तेच म्हणणं पडलं. घरचं माणूस तिथे आहे म्हटल्यावर आणखी काय चौकशी करायची? बाईंनी केली नाही. शस्त्रक्रियेच्या आधी धाकटीनेच त्यांच्या दंडाचे फोटो काढले. डॉक्टरांना लागतात म्हणाली.

रेघ विरली नाही. काखेपासून कोपरापर्यंत लालसर, जाड, सुतळीसारखा व्रण उठला आणि काखेपाशी तो असा आखडला की हात खांद्याच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, "काहींच्या बाबतीत असं होतं. याची कल्पना आधी दिली जातेच." ती कल्पना देण्याचं काम धाकटीचं. तिला विचारलं तर म्हणाली, "व्यायाम कर, ताई. सुटेल हळूहळू." बाईंनी विश्वास ठेवला. रोज सकाळी भिंतीला तोंड करून उभ्या राहायच्या आणि बोटं भिंतीवरून वर सरकवायच्या. खांद्याच्या रेषेशी आली की डोळ्यांत पाणी यायचं आणि बोटं तिथेच थांबायची.

वर्गात बाई आता फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहायच्या. मागच्या बाकांवरची पोरं उठून उभी राहून वाचायची आणि कुणी हसायचं नाही. हसली असती तर परवडलं असतं. मग मुख्याध्यापकांनी एक दिवस बोलावून घेतलं आणि आवाजात साखर घालून म्हणाले, "पुढच्या वर्षी तुम्ही ग्रंथालय सांभाळा, बाई. वर्ग दुसऱ्या कुणाला तरी देऊ." ज्या कामात जन्म गेला, ते काम असं गोड बोलून काढून घेतलं जात होतं. बाईंनी पुढच्या वर्षापर्यंत हात बरा करून दाखवते म्हणून सांगितलं आणि तिथूनच, धाकटीला न कळवता, दवाखाना गाठला. हा हात सुटणार की नाही, एवढंच त्यांना डॉक्टरांकडून सरळ ऐकायचं होतं.

डॉक्टर आत गुंतले होते. बाई बसायला गेल्या आणि समोरच्या भिंतीवर बघतात तर त्यांचाच दंड.

दरवाजाएवढं मोठं चित्र लावलं होतं. चेहरा नव्हता, पण बगलेजवळचे आपले तीळ बाई ओळखणार नाहीत? डावीकडे त्यांचा जुना, लोंबणारा दंड. शरमेने त्यांचे कान तापले. मग त्यांनी उजवीकडचा दंड पाहिला. गोरापान, सडसडीत, ना व्रण ना तीळ. हा दंड बाईंचा नव्हता.

त्या उठून चित्राच्या अगदी जवळ गेल्या. कोपराच्या जरा वर, आतल्या बाजूला, पावडरचा थर दिसत होता. फोटो लहान असता तर तो एका अंगठ्याखाली झाकला गेला असता. एवढा मोठा केल्यावर त्या पावडरखालून डाग वर आला होता, पानाच्या शेंड्यासारखा.

 त्यांना ते पर्समधलं कार्ड आठवलं. त्या कार्डावर अंगठा नेमका कुठे होता, तेही आठवलं. म्हणजे त्यांना भुलवणारा हातसुद्धा हाच होता. दंड बिघडला, ते एक वेळ नशीब म्हणून सोसलं असतं. पण हिने केसाने गळा कापला होता, आणि तोही ताई, ताई करत.

शेजारच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आतून ओळखीचा आवाज येत होता.

"घाबरताय कशाला? माझ्या सख्ख्या बहिणीने केलंय. कुणी आपल्या बहिणीला खड्ड्यात घालेल का? हा बघा तिचाच हात."

बाईंनी दार ढकललं. खुर्चीवर एक बाई बसली होती, अंगाभोवती ओढणी घट्ट लपेटून, दंड झाकून. टेबलापलीकडे पूर्ण बाह्यांचा पांढरा कोट घातलेली धाकटी. हातात तसंच कार्ड, चार बोटं मागे आणि अंगठा पुढे.

"ताई! तू कशी काय इथे?" धाकटी हसली, पण हसू ओठांवरच अडकलं. "बस ना बाहेर, आलेच मी."

"ही तुमची बहीण?" ओढणीवाल्या बाईने आशेने विचारलं. "फोटोतली?"

"हो. मीच ती सख्खी बहीण," बाई म्हणाल्या. त्यांनी बाही वर केली आणि हात उचलला. तो खांद्यापर्यंत आला आणि नेहमीसारखा थांबला. ओढणीवाली बाई त्या व्रणाकडे बघतच राहिली, मग कार्डाकडे बघू लागली.

"ताई, ऐकून तरी घे," धाकटी घाईघाईने, दबक्या आवाजात म्हणाली. "सगळीकडे असेच फोटो लावतात. मला वाटलं होतं, तुझं चांगलंच होईल. देवाशप्पथ. नंतर कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

बाईंना तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण समोर त्यांना ती कडेवरची पोर दिसत होती, आणि त्याचाच त्यांना जास्त संताप येत होता.

"अंगठा काढ," त्या म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. लहानपणी म्हणायच्या तसंच म्हणाल्या. धाकटीचा चेहरा क्षणभर बावरला आणि जुन्या सवयीने तिने अंगठा काढला.