आत्याबाईंची पाचवी खेप

लुब्वामानं बायकोची बॅग उचलली आणि पत्र्याच्या छपरावर भिरकावली. बॅग धडधडत घसरली आणि पन्हळीला अडकून बसली.

"झालं समाधान?" आत्याबाई चटईवरून न हलता म्हणाल्या. "आता शिडी आणा, जावईबापू."

युगांडातल्या मसाकात अंथरुणातली विद्या मुलीला आई शिकवत नाही, आत्या शिकवते. विद्या कमी पडली, की आत्याच परत येऊन उजळणी घेते. नान्तेझाच्या आत्याबाईंची सहा वर्षांतली ही पाचवी खेप. या वेळी त्या तिला तीन महिन्यांसाठी गावी न्यायला आल्या होत्या. पहिल्या इयत्तेपासून पुन्हा.

"नवऱ्याचं समाधान होत नाही म्हणजे बायकोचा हात कच्चा," त्या म्हणाल्या. "आमच्या घराण्याची नाचक्की आहे ही."

लुब्वामाच्या कपाळाची शीर उडत होती. सहा वर्षांत त्याला शेवट गाठता आला होता चार वेळा. त्यांतल्या एका वेळची मुलगी आता बालवाडीत जात होती. बाकी सगळ्या वेळी घाम, कूस बदलणं आणि छताकडे बघत पडणं. नान्तेझानं हे एकदा, फक्त एकदा, एका मैत्रिणीच्या कानात सांगितलं होतं. ती गोष्ट नळावरून त्याच्या वेल्डिंगच्या दुकानापर्यंत येईतो तिचा पराक्रम झाला: गडी रात्रभर थकत नाही. मोटरसायकलवाले त्याला उठून नमस्कार करू लागले. मर्दानी ताकदीच्या मुळ्या विकणाऱ्यानं बाटलीवर छापायला त्याचा फोटो मागितला. त्यानं हाकलून दिलं, तेव्हा मुळीवाल्यानं वेल्डिंगचा चष्मा लावलेला सिंह छापला. खप दुप्पट झाला म्हणे.

"तिचा हात कच्चा नाही!" लुब्वामा गरजला. "माझंच होत नाही! कळलं? माझंच!"

आत्याबाईंचे डोळे पाणावले.

"ऐकलंस का गं?" त्यांनी आत हाक मारली. "तुझी लाज राखायला स्वतःवर घेतोय बिचारा. असा नवरा दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही."

"मी कुणाची लाज राखत नाहीये! लग्नाच्या आधीपासून असंच आहे. कुणाहीबरोबर. एकटा असलो तरीसुद्धा!"

शेजारच्यांनी रेडिओ बारीक केला.

"एकटा असताना?" आत्याबाई गोंधळल्या. "मग तेव्हा चूक कोणाची धरायची? हे मला कुणी शिकवलंच नाही."

नान्तेझा स्वयंपाकाच्या छपरीतून बाहेर आली. हातात हिरवी केळी सोलायची सुरी. एरवी नवऱ्याशी बोलताना ती रीतीप्रमाणे गुडघे टेकायची. आज उभी राहिली.

"सहा वर्षं मी कडू पाल्याचा काढा प्यायले," ती म्हणाली. "आत्यानं सांगितलं तशी कंबर हलवली. दोनदा उसण भरली. आणि तू गप्प बसून बघत होतास?"

"लाज वाटत होती."

"आणि मला काय, मजा वाटत होती? मला वाटलं, तुझी दुसरी कुणी असेल, तिच्यासाठी राखून ठेवत असशील."

"दुसरी?" त्यानं अंगणातल्या बादलीला लाथ मारली. बादली रिकामी नव्हती. तो पाय धरून तिथेच बसला. "इथं एकीचं जमेना, दुसरी कुठून आणू!"

नान्तेझाला हसू आलं नाही. तिनं सुरी खाली ठेवली.

"मग पहिल्या वर्षी रोज ओरडायचास, ते?"

"खोटं."

तिनं हाताला लागलेला केळीचा चीक पुसला.

"माझंही," ती म्हणाली.

आत्याबाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मग मी पाच वेळा आले कशाला?"

नान्तेझा आत गेली. दोरा तुटल्याचा आवाज आला. परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत कमरेच्या मण्यांच्या माळा होत्या, नवऱ्याला रिझवायला म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनीच बांधलेल्या. तिनं त्या त्यांच्या ओटीत टाकल्या.

"घेऊन जा. फार रुततात."

मग ती नवऱ्याकडे वळली. "अजून राग आहे?"

"आहे."

"मलाही आहे. आत ये."

ती आत गेली. लुब्वामा उंबऱ्यावर बसून बूट काढू लागला. नाडीची गाठ सुटेना. त्यानं एक करकरीत शिवी हासडली आणि नाडी आणखी ओढली. गाठ आणखी घट्ट बसली.

"सावकाश," आतून आवाज आला. "कुठे जायचंय आपल्याला?"