पातळ भिंत

चाळीस वर्षं दुसऱ्यांची घरं बांधलेल्या मिस्त्रींना घर दाखवणं म्हणजे जिवावरचं काम. सहा घरांत त्यांनी खोट काढली होती. हे सातवं.

मिस्त्रींनी खिशातून नाणं काढलं आणि फरशीवर टकटक करत निघाले. फरशी पोकळ वाजली की समजावं, खाली माल कमी पडलाय. मग सगळे नळ एकदम सोडले, कपाटामागे हात घालून ओल चाचपली. एजंट मागे मागे फिरत होता.

"सगळं ठीक आहे," मिस्त्री म्हणाले.

एजंटचा जीव भांड्यात पडला. प्रामाणिक गडी होता, म्हणून राहवलं नाही. "एकच सांगतो काका. बाथरूमची भिंत शेजाऱ्यांना लागून आहे आणि पातळ आहे. खोकलात तरी पलीकडे कळतं."

मिस्त्री थबकले.

स्वतःच्या घराच्या भिंती त्यांनी नऊ इंची उचलल्या होत्या. आत ढोल बडवा, बाहेर कळणार नाही, असं ज्याला त्याला ऐकवायचे. गेल्या वर्षी बायको बाथरूममध्ये घसरून पडली. मिस्त्री बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून पेपर वाचत होते. तिनं किती हाका मारल्या, देव जाणे. तासभर आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. हे मिस्त्रींनी मुलीलाही सांगितलं नव्हतं. "बाबा, एवढ्या मोठ्या घरात एकटे कसे राहता?" असं ती फोनवर विचारायची, तेव्हा ते हवापाण्याचं बोलायचे.

"जरा इथंच थांबा," त्यांनी एजंटला सांगितलं, आणि बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. गुडघे धरत खाली ओल्या फरशीवर बसले. ओरडले नाहीत. पडलेल्या बाईच्या अंगात जेवढा जोर उरेल, तेवढ्याच आवाजात म्हणाले, "अहो... ऐकलंत का?"

आपल्याच तोंडून तिची हाक ऐकून त्यांना भडभडून आलं.

"कोण आहे?" भिंतीपलीकडून एक बाई म्हणाली. "पडलात का? थांबा, आले मी!"

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला. दार उघडलं. चपला फटफटल्या. मिस्त्रींनी ओल्या डोळ्यांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

दारावरची घंटा वाजली तेव्हा एक मिनिटही झालं नव्हतं.