न चाखलेली द्राक्षं

पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिल्याशिवाय नवं द्राक्ष तोंडात घालायचं नाही, हे व्रत अर्गिरो लग्न होऊन थिरा बेटावर आल्यापासून, म्हणजे एकतीस वर्षं पाळत होती. सहा ऑगस्टला चर्चमध्ये पहिल्या टोपलीवर प्रार्थना होई, मग ती एक मणी चाखे आणि तोडणीचा दिवस सांगे. तिची जीभ कधी चुकली नव्हती.

यंदा उन्हाने कहर केला. आज कुठे तीन तारीख, आणि गरम वारा आठवडाभर हटेना. तोडणी दोन दिवस उशिरा झाली तर आंबटपणा उडून वाईन मिळमिळीत होणार. घाईने तोडलं तर कच्चट.

"अगं, एकच मणी," तिचा नवरा मॅथिओस सकाळपासून मागे लागला होता. "देव काय मोजत बसलाय?"

"मी मोजते ना. आणि तुमचं यंत्र कुठे गेलं?"

"यंत्र गोडी सांगतं. आंबट कोण सांगणार?"

त्यात हा पाहुणा! अथेन्सचा पेरिक्लिस, बेटाबेटांवरचे मळे बघत हिंडणारा. इथल्या वेली वाऱ्याच्या भीतीने जमिनीलगत टोपलीसारख्या वळवलेल्या. फोटो काढता काढता त्याने त्यातल्या एकीत सरळ पायच दिला. वर न विचारता घड तोडून मणी तोंडात टाकला.

अर्गिरोने डोळे मिटून क्षमा मागितली. त्याच्यासाठी की स्वतःच्या रागासाठी, ते तिलाही कळेना. मग डोळे उघडले.

"खाल्लंच आहेस, तर सांग बाबा. कसं लागतं?"

"अहाहा, काकू! समुद्र. ओला दगड. आजोळचा उन्हाळा..."

"आजोळ राहू दे. आंबट किती?"

"एक प्रकारचा उदास आंबटपणा..."

"उदास!" मॅथिओसने कपाळावर हात मारला. "घ्या, आता द्राक्षांची समजूत काढा."

"दातांना झोंबतं का, एवढंच सांग."

"दातांना नाही, आठवणींना..."

"थुंक."

"काय?"

"बिया थुंक. इथे, माझ्या हातावर."

लाजत लाजत त्याने थुंकल्या. बिया तपकिरी होत्या, म्हणजे पिकलेल्या. तिने एक दगडावर ठेवून ठेचली, कटकन फुटली. मग तिने त्याला दंडाला धरून वरच्या तुकड्यात नेलं आणि दर चौथ्या वेलीचा मणी खायला लावला. टळटळीत ऊन डोक्यावर आलं. बाराव्या मण्याला पाहुणा शहाणा झाला.

"हं. आंबट. झोंबतं."

इथल्या बिया अजून हिरवट होत्या. अर्गिरोने हात पदराला पुसावे तसे झग्याला पुसले.

"खालचा मळा उद्या पहाटे तोडा," ती नवऱ्याला म्हणाली. "वरचा सहा तारखेनंतर बघू. पहिली टोपली चर्चची. ह्याच्या पायाखाली आलेला घड तीत नको."

पेरिक्लिसने वही काढली. "काकू, यंदाची वाईन कशी होईल?"

"मला काय विचारतोस? चाखलंयस तू."