येतो म्हणून गेलेले साहेब

तिसरीतल्या संघमित्राचं नाव शाळेतून कापाचंच, असं हेडमास्तर धर्मेंद्र सरनं ठरवलं, आन तिच्या वर्गाची रचना मॅडम धावतच सरकडे आली. गुन्हा काय? सर कडाडले, "नाव कापून टाकीन तुह्यं!" त पोरगी शांतपणे म्हणे, "कैची आणू का, सर?"

"माजली हे पोट्टी!"

"माजली नाही, सर. कोणाच्या डोळ्यात पाहत नाही, खेळात शिरत नाही, शब्द ऐकला का तोच धरून बसते. हिले समजून घ्या लागते. बालाघाटले डॉक्टरले दाखवू."

"हौ, पहिले मलेच दाखवा! आज शाळा तपासाले साहेब येऊन राह्यले. काही गडबड झाली त नाव गेलंच समजा."

म्हणून पोरीले एकच काम दिलं: साहेब येईपर्यंत गेट उघडं धरून ठेव. साहेब आले, वर्ग पाहिले, पोहे हाणले, आन जीपमधे बसता बसता हात जोडून म्हणे, "बरं मास्तर, येतो मी."

झालं! पोरीनं ते ऐकलं, आन गेट पुन्हा धरलं. शाळा सुटली, पण पोरगी काही गेट सोडेना.

"अवं, साहेब गेले!"

"नाही सर. येतो म्हणाले."

तितक्यात उघड्या गेटातून बकऱ्या घुसल्या. एकीनं स्वागताचा हार चावून खाल्ला, दुसरी थेट सरच्या खुर्चीवर चढली. तिकडे सरची घरी जायाची कटंगीची बस हॉर्न मारून राह्यली. सरनं घाईघाईत साहेबाले फोन लावला, स्पीकर चालू केला.

"साहेब, एकडाव 'जातो' म्हणा ना!"

"काहून म्हणू, मास्तर? मी का मरून राह्यलो? निघताना जातो म्हणते का कोणी?" फोन कट.

मॅडम पोरीजवळ उकिडवी बसली. गेटाकडेच पाहत साधं बोलली, "संघमित्रा, साहेब घरी गेले. आज वापस येणार नाहीत. तुह्यं काम झालं. गेट सोड, घरी जा."

"हौ, मॅडम." पोरीनं गेट सोडलं, दप्तर उचललं, चालली घरी.

सर मटकन पायरीवर बसले. "म्हणजे, मस्ती नव्हती हे?"

"नाही सर. सांगितलं तेच केलं तिनं."

"राहू द्या मंग नाव." बस तवरक गेलीच होती. सरनं रुमालानं मान पुसली. "पण मॅडम, हिच्यासंगं जे म्हणाचं आहे तेच म्हणाचं?"

"हौ. तेवढंच."

"मंग मी दिवसभर बोलू तरी काय?"